देणाऱ्याचा हात दिसू नये
(मायमॉनिडीस यांची जीवनकथा)

द्वितीय वर्ष, कला शाखा

खेड्यात लग्न उरकले की घरातली वडीलधारी माणसे आहेराची वही काढून बसतात. कोणी किती रुपये दिले, कोणी लुगडे नेसवले, कोणी टॉवेल-टोपीवर भागवले, हे सारे त्या वहीत लिहिलेले असते. पुढे त्या घरी कार्य निघाले की वही उघडायची आणि घेतले तेवढे, जमल्यास वर एक रुपया टाकून, परत करायचे. या व्यवहारात वाईट असे काही नाही. समाज अशा देवाणघेवाणीवरच उभा असतो. परंतु ज्याच्या घरी कार्य निघणारच नाही, ज्याच्याकडून काही परत येण्याचा संभव नाही, त्याचे काय? त्याला द्यायचे की नाही? द्यायचे तर कोणत्या हिशेबाने?

ज्यू लोकांच्या बायबलात या प्रश्नाचा फार खोलवर विचार झालेला आहे. कोकणातील बेने इस्राएल बांधवांमुळे, ज्यांना आपल्याकडे पूर्वी 'शनवार तेली' म्हणत, हा धर्म महाराष्ट्राला अगदीच परका नाही. त्या बायबलात 'हेसेद' असा एक हिब्रू शब्द वारंवार येतो. दया, माया, निष्ठा असे त्याचे अनेक पदर आहेत. पण त्याचा गाभा असा, की समोरच्याचा आपल्यावर हक्क नसताना, त्याच्याकडून काही मिळायचे नसताना त्याचे भले करणे. या शब्दाचा नेमका अर्थ ज्याने लिहून ठेवला आणि त्याप्रमाणे जगूनही दाखवले, अशा एका वैद्याची ही जीवनकथा आहे. त्याचे नाव मोशे बेन मैमोन. युरोपात तो मायमॉनिडीस या नावाने प्रसिद्ध आहे.

मायमॉनिडीस यांच्याकडे वळण्यापूर्वी त्यांना वारशाने काय मिळाले होते ते पाहणे आवश्यक आहे. मोशेच्या नियमशास्त्रात शेतकऱ्याला आज्ञा आहे, की शेताचे कोपरे कापू नयेत, गळालेली कणसे वेचू नयेत, शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नये. ते सारे गरीब, परदेशी, अनाथ आणि विधवा यांचे आहे. आपल्याकडे ज्याला सरवा म्हणतात तो हाच. रूथच्या गोष्टीत हा सरवा येतो. रूथ ही मवाब देशाची तरुण विधवा. नवरा वारल्यावर तिला माहेरी जाण्याची मोकळीक होती. पण म्हाताऱ्या सासूला, नामीला, एकटे न सोडता ती तिच्याबरोबर बेथलेहेमला आली आणि बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या रानात सरवा वेचू लागली. नामीकडे सुनेला द्यायला काहीच उरले नव्हते. रूथचे हेसेद ते हेच. बवाजने आपल्या गड्यांना सांगून ठेवले, की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गाळत जा आणि तिला बोलू नका. म्हणजे तिला मिळावे, पण कोणी दिले असे तिला वाटू नये.

दुसरी गोष्ट याकोबाची. मिसर देशात मरणाला टेकलेल्या याकोबाने मुलाला, योसेफाला, विनविले की मला येथे न पुरता माझ्या वाडवडिलांच्या भूमीत नेऊन पूर. ही विनंती करताना त्याने 'हेसेद' या शब्दाला 'सत्य' हा शब्द जोडला. फ्रान्समधील प्रसिद्ध भाष्यकार राशी (मृत्यू ११०५) यांनी याचा उलगडा असा केला, की मेलेल्या माणसासाठी केलेली दया हीच खरी दया, कारण मेलेला माणूस फेड करू शकत नाही. आजही ज्यू समाजात प्रेताला स्नान घालणे, कफन घालणे, मूठमाती देणे याला खरे हेसेद मानतात.

असा हा वारसा. तो ज्यांच्या वाट्याला आला त्या मायमॉनिडीस यांचा जन्म स्पेनमधील कॉर्डोबा शहरी ११३८ साली झाला. काही जुन्या ग्रंथांत ११३५ हे साल आढळते. वडील मैमोन हे ज्यू समाजाचे न्यायाधीश आणि विद्वान. त्या काळी कॉर्डोबा मुसलमानी अंमलाखाली होते आणि मुसलमान, ज्यू व ख्रिस्ती तेथे बऱ्याच अंशी सलोख्याने नांदत होते. अरबी ही विद्येची भाषा होती; ज्यूही अरबीतच बोलत व लिहीत. पण ११४८ साली आफ्रिकेतून आलेल्या अल्मोहाद राजवटीने कॉर्डोबा जिंकले. धर्म बदला किंवा देश सोडा, असा तिचा खाक्या होता. दहा-बारा वर्षांच्या मोशेला घेऊन हे कुटुंब घराबाहेर पडले ते कायमचे. काही वर्षे स्पेनमध्ये भटकून ११६० च्या सुमारास ते मोरोक्कोतील फेज शहरी गेले. तेथेही तीच राजवट होती. या धावपळीतच मोशे यांचे शिक्षण चालू होते. मिश्ना या प्राचीन धर्मग्रंथावरील मोठे भाष्य त्यांनी तेविसाव्या वर्षी लिहावयास घेतले. त्यातला काही भाग प्रवासात आणि जहाजावरही लिहिला गेला. ते पुरे व्हायला ११६८ साल उजाडले.

११६५ च्या वसंतात कुटुंब जहाजाने निघाले. वाटेत भयंकर वादळ झाले, पण महिन्याभराने सर्वजण पॅलेस्टाइनच्या अक्को बंदरात सुखरूप उतरले. तेथून जेरुसलेमचे दर्शन घेऊन ते इजिप्तमध्ये आले आणि कैरोच्या लगतच्या फुस्तात या जुन्या शहरात स्थिरावले. निर्वासिताला ज्या साऱ्या गोष्टींची वाण असते, ती त्यांनाही होती.

तरीही त्यांचे पहिले सार्वजनिक काम दुसऱ्यांसाठी होते. ११६८ साली क्रुसेडरांचा राजा अमाल्रिक याने इजिप्तवर स्वारी करून बिलबेस हे गाव घेतले आणि तेथील माणसे कैद केली. त्यांत ज्यूही होते. त्या काळी कैद्यांना खंडणी भरून सोडवावे लागे, नाहीतर गुलामीत विकले जात. मायमॉनिडीस यांनी गावोगावच्या ज्यू मंडळींना पत्रे धाडली, वर्गणी गोळा करविली. ११६९ च्या सुमाराची अशी पत्रे फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या जुन्या कागदांच्या कोठडीत, म्हणजे गेनिझात, सापडली आहेत. ज्यांना सोडवायचे ते अनोळखी होते, आणि सोडवणारा स्वतः चार वर्षांपूर्वी बोटीतून उतरलेला परका माणूस होता. पुढे आपल्या कायद्याच्या ग्रंथात त्यांनी लिहिले, की भुकेल्याला अन्न देण्याच्याही आधी कैद्याची सुटका येते. कारण कैदी भुकेला, उघडा आणि जिवाच्या धोक्यात असा सर्वच बाजूंनी असतो.

या काळात घर चालत होते ते धाकट्या भावाच्या जिवावर. त्याचे नाव दाविद. तो जडजवाहिराचा व्यापार करी. तांबड्या समुद्रावरील अयधाब बंदरातून त्याने मोठ्या भावाला लिहिलेले पत्र केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. वाळवंट ओलांडून आलो, येथे घेण्याजोगा माल नाही, म्हणून समुद्रमार्गे हिंदुस्थानकडे जातो, काळजी करू नका, माझ्या बायकोला धीर द्या, असा त्याचा आशय आहे. दाविदने हिंडावे, कमवावे, आणि मोशे यांनी घरी बसून अभ्यास करावा, अशी या भावांची वाटणी होती. त्याबद्दल दाविदने कधी काही मागितल्याचे दिसत नाही.

पुढे दाविद हिंदी महासागरात बुडाला. त्याच्याबरोबर घरचा पैसा गेला आणि विश्वासाने त्याच्याकडे ठेवलेला इतरांचा पैसाही गेला. मागे त्याची बायको आणि एक लहान मुलगी राहिली. मायमॉनिडीस वर्षभर अंथरुणाला खिळले. ताप, गळवे आणि मनाचा भ्रम यांनी ते मरणाच्या दारी पोचले. पुष्कळ वर्षांनी ११८५ मध्ये अक्कोच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूल केले आहे, की दाविदचे हस्ताक्षर किंवा त्याचे एखादे पुस्तक दिसले तरी काळीज उलटते. बाजारात तो खपत होता आणि मी निर्धास्त बसलो होतो, ही जाणीव त्या पत्रात शेवटपर्यंत ठसठसते.

हा भाग वाचताना मी बराच वेळ थांबले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढले नाही. माझा थोरला भाऊ सातवीनंतर शाळा सोडून हमालीला लागला आणि माझ्या वह्या-पुस्तकांचे पैसे तो देतो. एकाने ओझे वाहायचे आणि दुसऱ्याने शिकायचे, ही वाटणी आमच्यासारख्या पुष्कळ घरांत आहे. मायमॉनिडीस यांना भावाची फेड करता आली नाही. समुद्राच्या तळाशी गेलेल्याला काय परत करणार? मग त्यांनी काय केले, हे पाहण्याची मला उत्सुकता लागली.

त्यांनी दाविदच्या बायको-मुलीचा भार उचलला आणि पोटासाठी वैद्यकी पत्करली. खरे तर त्यांच्यासारख्या पंडिताला समाजाने आनंदाने पोसले असते. पण धर्मज्ञानाचे कुदळ-फावडे करून त्यावर पोट भरणे त्यांना मान्य नव्हते. प्राचीन काळचे ऋषितुल्य गुरू लाकडे फोडीत, पाणी वाहत, पण विद्येच्या मोबदल्यात दान घेत नसत, असे त्यांनी ठणकावून लिहिले आहे. या मतामुळे अनेक पंडित त्यांच्यावर रुष्ट झाले. ज्यू समाजाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले, तरी उपजीविका वैद्यकीवरच राहिली.

वैद्य म्हणून त्यांची कीर्ती वाढत गेली. सुलतान सलाहुद्दीनचा वजीर अल-फादिल याने त्यांना आश्रय दिला आणि पुढे सुलतानाचा थोरला मुलगा अल-अफदाल याचे ते वैद्य झाले. ११९९ च्या सुमारास वजिराच्या सांगण्यावरून त्यांनी विषबाधेवर एक पुस्तिका लिहिली. साप किंवा विंचू चावला असता वैद्य येईपर्यंत घरच्या माणसांनी काय करावे, सहज मिळणारी कोणती औषधे द्यावीत, हे त्यात सोपे करून सांगितले आहे. अशी पुस्तिका वाचून बरे होणारा माणूस वैद्याकडे येतच नाही, फी देत नाही, कदाचित त्याचे नावही त्याला कळत नाही.

त्याच वर्षी आपला अनुवादक सॅम्युएल इब्न तिब्बोन याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली दिनचर्या दिली आहे. सुलतान कैरोत आणि ते फुस्तातला. रोज सकाळी जनावरावर बसून राजवाड्यात जायचे, तेथील आजारी माणसे पाहायची. दुपार टळल्यावर भुकेने व्याकूळ होऊन घरी यावे तो ओसरी माणसांनी भरलेली असे. त्यांत ज्यू असत आणि इतर धर्मांचे असत. थोर असत आणि सामान्यही असत. स्नेही असत तसे वैरीही असत. जनावरावरून उतरून, हात धुऊन, घटकाभर थांबा अशी त्यांची विनवणी करून ते चार घास खात. दिवसभरातले जेवण तेवढेच. मग रोगी पाहायला बसत ते अंधार पडेपर्यंत, कधी रात्रीचे दोन तास उलटेपर्यंत. थकव्याने बसवत नसे तेव्हा उताणे पडून औषध सांगत. शनिवारी विश्रांतीच्या दिवशी समाजाची माणसे येत आणि आठवड्याचे प्रश्न विचारीत.

या धबडग्यात त्यांनी ग्रंथ तरी केव्हा लिहिले, असा प्रश्न पडतो. ज्यू धर्माचा सारा कायदा सोप्या हिब्रूत मांडणारा, चौदा भागांचा 'मिश्ने तोरा' हा ग्रंथ त्यांनी सुमारे दहा वर्षे खपून ११८० च्या आसपास पुरा केला. त्यात गरिबांना द्यावयाच्या दानाचे प्रकरण आहे आणि त्यात दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत खालची पायरी कुरकुरत देणाराची. तिच्यावर, द्यायला हवे त्याहून कमी पण हसतमुखाने देणारा. तिच्यावर, मागितल्यावर पुरेसे देणारा. त्याहून वर, मागण्याआधीच देणारा. पाचवी पायरी अशी, की घेणाऱ्याला देणारा ठाऊक असतो पण देणाऱ्याला घेणारा ठाऊक नसतो. पूर्वीचे काही विद्वान फडक्याच्या टोकाला पैसे बांधून ते पाठीवर टाकीत आणि गरीब माणसे मागून येऊन सोडवून घेत. सहावीत देणारा जाणतो, पण घेणारा जाणत नाही. सातवीत दोघेही एकमेकांना जाणत नाहीत. जेरुसलेमच्या मंदिरात यासाठी एक गुप्त खोली होती, तेथे एक गुपचूप टाकून जाई आणि दुसरा गुपचूप घेऊन जाई. सर्वांत वरची, आठवी पायरी म्हणजे गरिबाला कर्ज द्यावे, धंद्यात भागीदार करावे किंवा काम मिळवून द्यावे, म्हणजे त्याला पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागू नये.

मित्रांनो, या पायऱ्यांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. आठांपैकी एकाही पायरीवर किती रुपये द्यावेत याचा आकडा नाही. सारे मोजमाप घेणाऱ्याची मान किती ताठ राहिली याचे आहे. मदतीची यादी नावानिशी फळ्यावर लागते, भर सभेत पुढे बोलावून गणवेश दिला जातो आणि देणाऱ्याबरोबर उभे राहावे लागते, तेव्हा घेणाऱ्या मुलाच्या मनात काय होते, हे आपल्यापैकी अनेकांना सांगावे लागणार नाही. मदत गरजेची असते, मोलाचीही असते. पण ती घेताना खाली गेलेली नजर वर यायला फार दिवस लागतात. बवाजने गड्यांना मुद्दाम कणसे गाळायला का सांगितले, ते मला या आठ पायऱ्या वाचल्यावर उमगले.

याच ग्रंथात आणखी एक लहानसा नियम आहे. जो स्वतः दानावर जगतो, त्यानेही मिळालेल्यातून थोडे दुसऱ्याला द्यावे. वरवर पाहता हा नियम कठोर वाटतो. पण त्यामुळे घेणारा हा केवळ घेणारा राहत नाही. तोही देणाऱ्यांच्या पंक्तीत बसतो. परक्या धर्माच्या गरिबांना पोसावे, त्यांच्या आजाऱ्यांना भेटावे, त्यांच्या प्रेतांना मूठमाती द्यावी, असेही त्यांनी सांगितले आहे.

आता बक्षिसाविषयी. दुसऱ्याकडून फेड नको, पण देवाकडून पुण्य तरी मिळावे, असे आपल्याला वाटते. मायमॉनिडीस यांनी ही वाटही अडवून धरली. आपल्या तरुणपणीच्या भाष्यात त्यांनी एका मुलाचे उदाहरण दिले आहे. लहान मुलाला गुरुजी म्हणतात, वाच, तुला अक्रोड-अंजीर देतो. तो थोडा मोठा झाला की त्याला जोडे आणि कपडे यांचे आमिष लागते, मग पैशाचे, आणि शेवटी, शिकलास तर न्यायाधीश होशील, लोक तुला पाहून उभे राहतील, असे सांगावे लागते. मुलाला हे क्षम्य आहे, कारण विद्येची गोडी त्याला अजून कळलेली नाही. पण मोठ्या माणसाने सत्य सत्य म्हणूनच धरावे आणि भले भले म्हणूनच करावे. स्वर्गाच्या आशेने किंवा नरकाच्या भीतीने नव्हे. पदवी आणि नोकरी यांच्याकडे डोळे लावून वर्गात बसणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना हा दाखला चांगलाच झोंबावा. आम्हाला नोकरी हवी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण अक्रोड-अंजिरापाशीच थांबायचे की पुढे जायचे, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्यापुरता सोडवायचा आहे.

त्यांच्या दयेचा एक प्रसंग फार हृद्य आहे. ओबद्या नावाच्या एका गृहस्थाने इस्लाममधून ज्यू धर्म स्वीकारला होता. प्रार्थनेत आमच्या वाडवडिलांच्या देवा असे शब्द येतात. माझे वाडवडील ज्यू नव्हते, मग मी ते म्हणू का, असे त्याने पत्रातून विचारले. त्याच्या गुरूने एका वादात त्याला मूर्ख म्हणून अपमानितही केले होते. मायमॉनिडीस यांनी त्याला कळविले, की एकही शब्द न बदलता सर्व प्रार्थना म्हण. जो या मार्गाला आला तो अब्राहामाचाच पुत्र. गुरूच्या वागण्याला त्यांनी मोठे पाप ठरवले आणि त्याने क्षमा मागावी असे लिहिले. तो त्यांचा कोणीच लागत नव्हता. त्याला परकेपणाचा सल होता आणि देशोदेशी परके होऊन राहिलेल्या या माणसाला तो अचूक कळला.

११९० च्या सुमारास त्यांनी 'संभ्रमितांचा मार्गदर्शक' हा आपला प्रसिद्ध तत्त्वज्ञानग्रंथ पूर्ण केला. तो त्यांनी एका दूर गेलेल्या शिष्यासाठी लिहिला. त्याच्या अखेरच्या प्रकरणांत 'हेसेद' या शब्दाची व्याख्या येते. ज्याचा आपल्यावर काहीच हक्क नाही त्याचे भले करणे, किंवा ज्याचा थोडा हक्क आहे त्याला हक्काहून जास्त देणे, म्हणजे हेसेद. जग निर्माण झाले तेही हेसेदच, कारण असण्यापूर्वी कोणी असण्याचा हक्क कमावलेला नव्हता. म्हणून माणसाची शेवटची पूर्णता संपत्तीत, बळात किंवा नुसत्या विद्वत्तेतही नाही. ईश्वराला ओळखून त्याच्याप्रमाणे दया, न्याय आणि नीती यांनी वागण्यात आहे. एवढा मोठा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ अखेर वागणुकीपाशी येऊन थांबतो, हे विसरता येत नाही.

१३ डिसेंबर १२०४ रोजी फुस्तात येथे त्यांचे निधन झाले. परंपरेप्रमाणे गॅलिली सरोवराकाठी टायबेरियस येथे त्यांची समाधी दाखवतात. त्यांचा मुलगा अब्राहाम त्यांच्यामागे ज्यू समाजाचा प्रमुख झाला आणि वडिलांप्रमाणेच वैद्यकी करीत राहिला.

या चरित्रातून मला कळलेली गोष्ट साधी आहे. दाविदचे ऋण मायमॉनिडीस यांना दाविदला फेडता आले नाही. ते त्यांनी ओसरीवर ताटकळणाऱ्या रोग्यांना, बिलबेसच्या कैद्यांना आणि दूरच्या ओबद्याला फेडले, असे मला वाटते. आपल्यापैकी जे घरातले पहिले विद्यार्थी आहेत, त्यांच्यासाठी कोणीतरी ओझी वाहिली आहेत आणि त्याची कोठे नोंद ठेवलेली नाही. ती माणसे आपल्याकडे परत मागणार नाहीत, आणि आपण दिले तरी ते पुरे पडणार नाही. पण आपल्यामागून कोणीतरी ही पायरी चढणार आहे. त्याच्या वाटेवर चार कणसे गाळून ठेवणे आपल्या हाती आहे; फक्त ती कोणी गाळली, हे त्याला कळू देऊ नये.